अक्काची चार चाकांची फटफटी

यंदाही फेब्रुवारी सरता सरता आमच्या गल्लीतली झोप पातळ झाली. निवृत्तीनंतर लातूर सोडून नांदेडला राहायला आलो, तेव्हा वाटलं होतं, गोदावरीकाठी परीक्षा जरा सैल असेल. तसं काही नाही. समोरच्या इमारतीत खाली क्लास, मध्ये अभ्यासिका आणि वर मुलींचं वसतिगृह. पहाटे पाचपासून गजर वाजू लागतात, आणि तेही सगळे एकदम नाही, एकामागून एक. जणू प्रत्येक गजर आधीच्या गजराची खात्री करून घेतो. उमरी, नायगाव, हिमायतनगरकडून आलेल्या या मुली गॅलरीत फेऱ्या मारत पुटपुटत असतात. कोपऱ्यावर फलक लागलेला आहे. त्यावर गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो आणि त्या सगळ्यांहून मोठा संचालकांचा. गुणवंतांच्या फोटोखाली गुण लिहिले आहेत. संचालकांच्या फोटोखाली फक्त 'प्रेरणास्थान' लिहिलं आहे.

हे सगळं सुरू झालं की मला पेपर आठवत नाहीत. मी उभ्या आयुष्यात हजारो पेपर तपासले, त्यांतला एकही आठवत नाही. मला आठवते करडई. तिच्या वाळलेल्या बोंडांचा कुसळासारखा टोचणारा वास, पत्र्याच्या छपराखाली साठलेली दुपार, पेट्रोलने ओले झालेले हात. आणि या सगळ्याच्या मधोमध उभी असलेली, चार चाकांची, लाल रंगाची, न चालणारी फटफटी.

तो भूकंपानंतरचा दुसरा मार्च होता. लातूर शहरात तेव्हा दोन प्रकारचं सामान उतरत होतं. मदतीच्या ट्रकांमधून घोंगड्या, औषधं, पत्रे. आणि बसच्या टपावरून विद्यार्थ्यांच्या पत्र्याच्या पेट्या. पहिली गर्दी हळूहळू ओसरत होती, दुसरी वाढत होती. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो, आणि सकाळ-संध्याकाळ शिकवण्या. आमची पद्धत एव्हाना राज्यभर गाजू लागली होती. तिच्यात गुप्त असं काहीच नव्हतं. पेपर सोडवायचा, चूक झाली की ती वेगळ्या वहीत लिहायची, का झाली ते पुढे लिहायचं, आणि दर रविवारी ती चुकांची वही पुन्हा वाचायची. मी दोनशे मुलांकडून विद्युतचुंबकीय प्रवर्तन असं घोटून घेई, की झोपेतून उठवलं तरी व्याख्या, आकृती आणि उदाहरण घेऊन उठावीत. फळ्यावरची सोडून दुसरी कॉइल मात्र मी कधी हातात धरली नव्हती. तशी गरजही पडली नव्हती. प्रश्नपत्रिकेत कधी तेलकट वस्तू येत नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, औशाच्या पुढे एका उपकेंद्रात नर्स होती. भूकंपाने तिचं उपकेंद्र पाडलं, ते मग पत्र्याच्या दोन खोल्यांत भरू लागलं. तिच्याकडे चार वस्त्या होत्या. मोडलेल्या गावाची माणसं विखरून राहिली होती. काही नव्या जागी रांगेतल्या घरांत, काही आपापल्या शेतांत. पहिल्या वस्तीपासून चौथी चांगली दूर, आणि मध्ये काळी जमीन. त्या वाटेने बस जात नसे, जीप रुतत असे, आणि सायकलचं चाक तर ती माती असं धरून ठेवी, की उचलून न्यावी लागे. लसीचा डबा खांद्याला अडकवून अक्का सकाळी सातला निघायची. पहिली वस्ती व्हायची, दुसरी व्हायची, तोवर ऊन डोक्यावर आलेलं असायचं आणि डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं. कोमट लस टोचून उपयोग नाही. ती परत आणून टाकून द्यायची. तिसरी आणि चौथी वस्ती नेहमी 'पुढच्या वेळी' मध्ये जायची.

त्या जानेवारीत चौथ्या वस्तीवर गोवर आला. पाच-सहा मुलं अंथरुणाला खिळली. एका चार वर्षांच्या मुलीची दृष्टी अधू झाली, ती कायमची. अक्काने रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं. लस का पोचली नाही, हे लिहायला त्या रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. ती घरी आली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन निघाली.

आणि गंमत अशी, की या वाटेसाठीच खास आलेलं वाहन तिच्या उपकेंद्राच्या शेजारी छपराखाली उभं होतं. परदेशातून आलेल्या एका मदतपथकाने जाताना ते मागे ठेवलं होतं. फुगीर टायर, मोटरसायकलसारखं हँडल, मागे सामानाला लोखंडी जाळी. चिखल असो, ढेकळं असोत, नांगरट असो, ते बेडकासारखं सगळीकडे जायचं. त्याला क्वाड बाईक म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पथक होतं तोवर ते दहा-बारा दिवस छान चाललं. मग पथक गेलं आणि त्याचं लोकार्पण झालं.

लोकार्पण स्थानिक मदत समितीच्या अध्यक्षांनी केलं. हार, फीत, नारळ, भाषण. नारळ चाकापुढच्या दगडावर फोडला आणि पाणी गाडीवर शिंपडलं. भाषण चालू असताना गाडी तशी गप्पच होती, पण भाषण संपल्यावरही ती गप्पच राहिली. अध्यक्ष म्हणाले, मुहूर्त हुकला. पुढे कुणी पाहुणा आला की पुन्हा प्रयत्न व्हायचा, आणि प्रयत्नाआधी पुन्हा नारळ. दसऱ्याला झेंडूची माळ आणि नारळ. सव्वीस जानेवारीला तिरंगी फुगे आणि नारळ. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, घुरघुरायचं, पण पेट घ्यायचं नाही. समितीच्या बैठकीत एकाने आणखी मोठा नारळ सुचवला होता, असं अक्का सांगायची. ते तिने रचलेलं असावं असं मला बरेच दिवस वाटे. पुढे अध्यक्षांशी ओळख झाली आणि वाटेनासं झालं.

मार्चच्या सुरुवातीला तिला पत्र आलं. जिल्ह्याहून यांत्रिकी शाखेचे अभियंता मार्चअखेर येऊन वाहन पाहतील. बंद आढळल्यास त्याचं निर्लेखन होईल. निर्लेखन म्हणजे कागदावरून पुसून टाकणं. एकदा पुसलं की गाडी भंगारात, आणि पुन्हा मागायची सोय नाही. पत्र घेऊन अक्का थेट माझ्या शिकवणीत आली. मी फळ्यावर कॉइलची आकृती काढत होतो. ती मागच्या बाकावर बसून राहिली, मुलं गेल्यावर उठली आणि फळ्याकडे बोट करून म्हणाली, "एवढं मोठं लिहून राहिलास दत्ता, आन् तिकडं एक ठिणगी पडना. येतो का बघायला, का हे पेपरला नाही म्हणून सोडून द्यायचं?"

गेलो. त्याच आठवड्यात बोर्डाची परीक्षा सुरू झाली, शिकवण्यांना सुट्टी लागली, आणि मुख्य म्हणजे तिने मुलांदेखत म्हटलं नव्हतं याचे उपकार होते.

औशाहून रहीमभाईंना घेतलं. ते फवारणीचे पंप आणि मोपेड दुरुस्त करायचे. साठीचे, बारीक, कानात अत्तराचा बोळा. मी कॉलेजच्या लॅबमधून मीटर उचलला होता, आणि पथकाने ठेवलेली पुस्तिका होती. पुस्तिकेची भाषा आम्हा तिघांनाही येत नव्हती, पण वायरिंगची आकृती मला वाचता येत होती. पहिल्या रविवारी रहीमभाईंनी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि अक्काला सेल्फ मारायला सांगितलं. आम्ही दोघं ओणवे होऊन, हाताचा आडोसा करून त्या इवल्याशा फटीकडे बघत राहिलो. काहीही नाही.

"पेट्रोल हाय, हवा हाय," रहीमभाई म्हणाले, "करंट न्हाई."

त्यांनी दुसरा प्लग लावला. प्लगची टोपी बदलली. मी कॉइलचा रोध मोजला, पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहिला, बरोबर. दुसरी कॉइल मोजली; तीही बरोबर. हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण होतं, ते 'चालू' वर ठेवून त्याच्या दोन टोकांना मीटर लावला. काटा हलला. म्हणजे वीज जाते. मी वहीत 'ठीक' लिहिलं. संध्याकाळपर्यंत पानभर 'ठीक' जमले. माझ्या व्यवसायात हे सगळ्यांत वाईट लक्षण समजतात. पायरी न् पायरी बरोबर आणि उत्तर चूक, असा पेपर हातात आला की मास्तरची खरी परीक्षा सुरू होते.

पुढच्या रविवारी अक्काने एक विचित्र गोष्ट सांगितली. बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला डबा धुऊन येताना तिने सहज सेल्फ मारला, तर गाडी चालू झाली. अर्धा मिनिट चालली. तिने घाबरून बंद केली. गुरुवारी सकाळी पुन्हा मारला, तर पहिल्यासारखीच मुकी.

"सरकारी झाली की हो," रहीमभाई म्हणाले. "दुपारीच कामावर येती."

आम्ही हसलो, पण ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. मला माझीच पद्धत आठवली, जी मी मुलांवर लादत होतो आणि जिच्याबद्दल मनातून मला फारसा आदर नव्हता. तिच्यात विचार कमी आणि रेटा जास्त, असं मी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणत असे. आता छपराखाली बसून मी नवी वही काढली आणि अक्काला विचारत गेलो. कुठल्या दिवशी, किती वाजता, हजर कोण, आधी काय केलं, मग काय झालं. रजिस्टर बघून बघून ती सांगत गेली. लोकार्पण, सकाळी दहा, नाही. दसरा, सकाळी, नाही. सव्वीस जानेवारी, सकाळी, नाही. पाहुणे, नाही. अध्यक्षांचा वाढदिवस, नाही. बुधवार दुपार, कुणी नव्हतं, होय. पान भरलं. गाडी समारंभात हमखास बंद, सकाळी बहुधा बंद, आणि रणरणत्या उन्हात, एकांतात, कधीमधी चालू. तिचा स्वभाव माझ्याशी इतका जुळेल असं वाटलं नव्हतं.

मग मी आकृतीकडे पुन्हा पाहिलं, आणि या खेपेला रेघा मोजत नाही, तर वाचत. ठिणगी तयार करणाऱ्या डबीतून एक बारीक वायर निघून हँडलच्या लाल बटणाकडे जात होती आणि बटणातून थेट गाडीच्या सांगाड्याला. घरातलं बटण दाबलं की वीज दिव्याकडे जाते. हे बटण उलटं होतं. ते दाबलं की ठिणगीची वीज सांगाड्यात पळून जाई आणि इंजिन बंद पडे. म्हणजे गाडी चालू असताना त्या बटणातून काहीही जायला नको होतं. आणि मी तिथे मीटर लावला होता, काटा हललेला पाहिला होता, आणि शेजारी सुवाच्य अक्षरात 'ठीक' लिहिलं होतं. तीन हजार मुलांच्या वह्यांत मी ज्या चुकीखाली लाल रेघ मारली असेल, ती चूक.

सकाळचे नऊ वाजले होते, हवेत अजून ओल होती. मी ती वायर डबीपासून सोडवली. रहीमभाईंनी प्लग टेकवला. अक्काने सेल्फ मारला. टिक, टिक, टिक. निळी, नखाएवढी, बोचरी ठिणगी. रहीमभाईंनी प्लग हलवून पुन्हा टेकवला, जणू ठिणगीला दुसऱ्यांदा विचारतायत, आणि तिने दुसऱ्यांदाही तेच उत्तर दिलं.

आज समोरच्या गॅलरीतली एखादी मुलगी मला विचारायला येते, काका, हा प्रश्न सुटत नाही. मी तिला सांगतो, जे बरोबर आहे म्हणून तू सोडून दिलंस तिथे परत जा. ती नम्रपणे मान डोलावते. म्हाताऱ्यांच्या बोलण्याला मान डोलावायची पद्धतच आहे. पण त्या सकाळी माझी झालेली फजिती मी तिला कशी दाखवू? ती फजिती मला पुढे मिळालेल्या दोन्ही आदर्श शिक्षक पुरस्कारांपेक्षा जास्त उपयोगी पडली. पुरस्कारांच्या शाली अजून कपाटात आहेत. त्या अंगावर घेण्याइतकी थंडी नांदेडला पडत नाही.

रहीमभाईंनी बटणाचे दोन बारीक स्क्रू काढले. आत लाल चिखल होता. कुंकू, हळद, अर्धा तांदळाचा दाणा आणि या सगळ्यांना चिकटवून ठेवणारं, वाळून चिकट झालेलं नारळाचं पाणी. ओल धरली की त्या लगद्यातून वीज सांगाड्यात गळायची. दुपारच्या उन्हात तो सुकला की गळती थांबायची. नारळ फोडला की पुन्हा सुरू. गाडी चालावी म्हणून जे जे केलं होतं, ते सगळं त्या बटणात जाऊन बसलं होतं.

मी अध्यक्षांवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. पाणी त्यांनीच शिंपडलं होतं, त्यामुळे साहित्य भरपूर होतं. दोन-तीन वाक्यं चांगली जमली. तेवढ्यात अक्का हळूच म्हणाली, "कुंकू मी लावत होते."

तिने त्या बटणाकडे बोट केलं.

"रोज सकाळी. डबा उचलायच्या आधी. लाल बटण होतं, कपाळासारखं वाटलं मला. म्हटलं, आज तरी चाल बाई. चौथ्या वस्तीवर जाऊ."

माझ्या जिभेवर तयार असलेलं पुढचं वाक्य मी गिळलं. ते आजही बाहेर आलेलं नाही. रहीमभाईंनी बटण वर धरून उजेडात पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सिस्टर, गाडीचं कपाळ म्होरं असतंय, हेडलाइटच्या वर. हे नरडं हाय तिचं. तुमी रोज नरड्यालाच कुंकू लावून राहिल्या."

अक्का हसली. जानेवारीनंतर मी तिला प्रथमच हसताना पाहिलं.

बटण पेट्रोलने धुतलं, दात घासायच्या ब्रशने खरवडलं, उन्हात वाळवलं, परत बसवलं, आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला. हेडलाइटच्या वर रहीमभाईंनी कापडाने जागा पुसून दिली आणि अक्काला म्हणाले, आता इथं लावा, हवं तेवढं.

मार्च संपत आला. पाहणीच्या सकाळी छपरापुढे मंडप होता. दुरुस्तीची बातमी अध्यक्षांपर्यंत पोचली होती, त्यामुळे पाहणीचा कार्यक्रम झाला होता. खुर्च्या, हार, ध्वनिक्षेपक, तबकात नारळ. अभियंता हा सडपातळ, अबोल माणूस; फाइल काखेत धरून कोपऱ्यात उभा. त्याने गाडी कुठे आहे एवढंच विचारलं, तर त्याच्या गळ्यात हार पडला. अध्यक्ष बोलत होते. भूकंपापासून सुरू करून ते मानवाच्या जिद्दीपर्यंत आले होते, आणि बोलता बोलता त्यांनी तबकातला नारळ उचलला.

मी पुढे होऊन, पाण्याचं आणि विजेच्या गळतीचं सांगू लागलो. आपलं मनोगत नंतर घेऊ सर, असं म्हणून त्यांनी मला प्रेमाने बाजूला केलं. रहीमभाई खाली बघत होते. नारळाबद्दल त्या मंडपात त्यांनी काही बोलायचं नव्हतं, आणि ते न बोलण्याचं कारण कुणाला सांगायची गरज नव्हती. ट्यूबच्या त्या तुकड्यावर माझा विश्वास होता, पण एवढाही नव्हता. एक तांब्याभर पाणी, एक सकाळ, आणि गाडी फाइलमधून पुसली गेली असती.

अक्का गाडीवर बसलेलीच होती. सकाळी सातपासून. लसीचा डबा मागच्या जाळीला बांधलेला, पदर कमरेला खोचलेला. तिने ध्वनिक्षेपकाविनाच म्हटलं, "अध्यक्षसाहेब, तुमी बोला निवांत. माझा बर्फ न्हाई थांबायचा. नारळ मी आल्यावर फोडा."

आणि सेल्फ मारला. पहिल्याच दमात. तो आवाज मी अजून कानात साठवून ठेवला आहे: आधी एक ठसका, मग फट्, फट्, आणि मग सलग, भरदार, निर्लज्ज फटफटाट. मंडपाचं कापड थरथरलं. मानवाची जिद्द ऐकू येईनाशी झाली. अभियंता प्रथमच हसला, अक्काच्या कानाशी जाऊन त्याने ओरडून काहीतरी विचारलं, तिने मान हलवली, आणि त्याने हार बाजूला सारून, गाडीच्या टाकीवर फाइल ठेवून, उभ्या उभ्याच लिहिलं, 'वाहन सुस्थितीत. वापर चालू.'

"दत्ता, बस मागं," अक्का म्हणाली. "डबा धरायला माणूस पायजे."

मी, दोनशे मुलांचा भौतिकशास्त्राचा सर, लोखंडी जाळीवर बूड टेकवून, लसीचा डबा कवटाळून निघालो. काळ्या जमिनीतली ढेकळं मला एक एक करून समजत गेली. दोन्ही बाजूंना करडई काढायला आली होती; पहाटे काटे मऊ असतात तेव्हा काढणाऱ्या बाया आता काम संपवून बांधावर भाकरी खात होत्या, त्यांनी उठून बघितलं. पहिली वस्ती झाली. दुसरी झाली. तिसऱ्या वस्तीवर साडेनऊच वाजले होते, अक्काने घड्याळ दोनदा पाहिलं.

चौथ्या वस्तीवर पोचलो तेव्हा कुणी पुढे आलं नाही. सहा-सात पत्र्याची घरं, एक बाभळ. फटफटीचा आवाज थांबल्यावर तिथे इतकी शांतता होती, की डब्यात बर्फ हलल्याचा आवाज आला. एक बाई दारात आली, तिने अक्काला ओळखलं, पण गाडीकडे बघत म्हणाली, "आलाव का खरंच?"

"आले," अक्का म्हणाली. "पोरं आण."

पहिलं पोर आईच्या कडेवर होतं, काहीच कळत नव्हतं त्याला. सुई टोचली तसं त्याने श्वास आत ओढला, तो बराच वेळ आतच ठेवला, आणि मग जे भोकाड पसरलं ते शेवटच्या घरापर्यंत गेलं. ते ऐकून दुसरं रडलं. तिसरं तर सुई दिसायच्या आधीच. ती दृष्टी अधू झालेली मुलगी तिच्या धाकट्या भावाला धरून ओढत घेऊन आली, तो पाय रोवून मागे ओढत होता आणि ती त्याला सोडत नव्हती. घराघरातून आवाज येऊ लागले, बाभळीखाली रांग लागली, आणि ती सबंध वस्ती एका सुरात रडू लागली. अक्का मान वर न करता एकामागून एक दंड धरत होती, आणि मी डब्याचं झाकण उघडत होतो, लावत होतो, उघडत होतो.